अंतरपाट सरकला तेव्हा

"मग बदलू की नको, चाचा? एवढंच सांगा."

हुसेनचाचांनी वर पाहिलं नाही. दर्ग्याच्या अंगणातल्या नळाशी बसून ते एक हिरवी चादर खळबळून काढत होते.

चाळीस वर्षं मिरजेच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद केला आणि ते गावाबाहेरच्या या लहान दर्ग्यात येऊन राहिले. अंगण झाडायचं, चादरी धुवायच्या. कॅमेऱ्याला पुन्हा हात लावला नाही.

विराज कोष्टी त्यांच्याकडेच शिकला. आता लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ, दोन्ही तो एकटा करायचा. दुसरा माणूस लागतो कशाला, असं तो लोकांना सांगायचा. थोडं मोठ्यानेच सांगायचा.

आज त्याच्या शेजारी पायरीवर दोन बॅगा होत्या. एकीत त्याचा स्वतःचा जुना कॅमेरा आणि पाच लेन्स. दुसरीत मित्राकडून तीन दिवसांसाठी आणलेला, दुसऱ्या कंपनीचा नवा कॅमेरा.

"तीन वाजता सांगलीहून एक जण माझ्या दुकानात येतोय," विराज म्हणाला. "जुनं सगळं घेऊन जाणार. तुम्ही हो म्हणालात की देऊन टाकतो."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर... का नाही, ते विचारीन."

"म्हणजे मी काय म्हणायचं ते ठरवूनच आलायस."

"तसं नाही. ऐका तरी. जुना कॅमेरा फोटो फार सुंदर काढतो. नवरीच्या गालावरची हळद हळदीसारखीच दिसते. पण व्हिडिओ चालू केला की थोड्या वेळात तापतो. मध्येच नवरीला सोडून मागच्या फुलांवर फोकस नेतो. नव्यात तसलं काही नाही."

"मग घे."

"पण नव्यात हळद नारिंगी येते. आणि माझी एकही लेन्स त्याला बसत नाही. मध्ये एक रिंग घातली की बसते, पण मग फोकस हळू होतो."

"मग नको घेऊस."

"पण व्हिडिओ..."

"मग घे."

चाचा चादर घासत राहिले.

"चेष्टा करताय माझी."

"नाही रे. तू ज्या बाजूला वजन टाकतोस त्या बाजूला मी झुकतोय. तराजूला दुसरं काय येतं?"

"तीन दिवस हेच चाललंय माझं. सकाळी ठरवतो जुना ठेवायचा, दुपारी ठरवतो विकायचा. जेवताना ताटात काय आहे तेही कळत नाही."

"तीन दिवसांपूर्वी काय झालं?"

विराजने बॅगेची चेन उघडली. पुन्हा लावली.

"स्नेहलचा फोन आला."

चाचा थांबले.

"गव्हाणे मास्तरांची मुलगी," विराज म्हणाला. " गेल्या महिन्यात तिचं लग्न झालं. मास्तर फार आजारी होते, दवाखान्यातून तासाभरासाठी खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यानंतर आठव्या दिवशी ते गेले."

"ठाऊक आहे."

"ती म्हणाली, अंतरपाट सरकला तेव्हा बाबांनी हात वर केला होता, तेवढं मला आधी बघायचंय."

"तू काय म्हणालास?"

"शोधतो म्हणालो."

"मग?"

"नाहीये, चाचा." विराजचा आवाज खाली आला. "फोटोही नाही आणि व्हिडिओही नाही. मंगलाष्टकं संपत आली तसा मी फोटोवरून व्हिडिओवर जात होतो. जुन्याचा डायल दाबून फिरवावा लागतो. तो अडकला. नेमका तेव्हाच अंतरपाट सरकला. मी मध्येच राहिलो... ना इकडे ना तिकडे. नवा असता तर मिळालं असतं. त्याचं बटण अंगठ्याशीच आहे."

"मुलगी कधी येणार?"

"आज. चार वाजता, दुकानात."

"काय सांगणार तिला?"

"कॅमेरा खराब होता म्हणून. विकूनच टाकला म्हणून."

चाचांनी नळ बंद केला. चादरीतून पाणी ठिबकत होतं.

"हे टोक धर," ते म्हणाले.

विराजने एका हाताने धरलं. दुसरा हात बॅगेच्या पट्ट्यावर होता.

"दोन्ही हातांनी."

त्याने पट्टा सोडला. दोघांनी चादर पिळली, मग उलगडली, मग ताणून उंच धरली. आता विराजला चाचांचा चेहरा दिसेना. चादरीखाली त्यांचे ओले पाय तेवढे दिसत होते.

विराजच्या खिशात फोन वाजू लागला.

"सांगलीचा असेल," तो म्हणाला.

"वाजू दे. चादर जमिनीला लागेल."

फोन वाजून थांबला.

"मास्तरांनी कुठला हात वर केला होता?" चादरीपलीकडून चाचांनी विचारलं.

"उजवा."

विराजच्या हातातलं चादरीचं टोक जरा खाली आलं.

"नाही," विराज म्हणाला. "आधी डावा."

"डावा?"

"उजव्या हाताला सलाईनची पट्टी होती. तो उचलवत नसेल. म्हणून डावा वर केला. मग एकदम काहीतरी वाटलं त्यांना... डाव्या हाताने आशीर्वाद कसा द्यायचा, असं असेल. चोरी पकडल्यासारखा त्यांनी तो खाली घेतला. शालीत लपवला."

"मग?"

"मग उजवा उचलला. कोपर खुर्चीच्या हाताला टेकवून, हळूहळू. थरथरत होता. मुठीत अक्षता होत्या. सगळ्यांच्या टाकून झाल्या होत्या, यांच्याच राहिल्या होत्या. त्यांनी त्या टाकल्या. कुठे पोचल्याच नाहीत, त्यांच्याच मांडीवर पडल्या. चार दाणे पट्टीला चिकटले. ते त्यांनी फुंकून उडवले. आणि हसले... एकटेच."

"मुलीने पाहिलं?"

"तिने मान वर केली तेव्हा उजवा हात वर होता. तेवढंच तिने पाहिलं. डावा नाही पाहिला."

"आणखी कोणी पाहिलं?"

"सगळे नवरा-नवरीकडे बघत होते."

"तू कुठून पाहिलंस मग?"

"मी समोरच होतो. कॅमेरा खाली होता ना, डायल अडकला म्हणून..."



चाचांनी आपलं टोक खाली घेतलं. चादर विराजच्या हातांत गोळा झाली. पलीकडे चाचा डोळे मिटून उभे होते. त्यांनी ते जरा वेळाने उघडले, चादर घेतली आणि दोरीवर टाकली.

फोन पुन्हा वाजू लागला.

"याला काय सांगू?" विराजने विचारलं. "चाचा, मला आता काहीच कळेनासं झालंय. डायल अडकला ते वाईट झालं की... म्हणजे जुना वाईट आहे की नाही? विकू की ठेवू?"

चाचा चादरीच्या सुरकुत्या काढत होते.

"दोन्ही बॅगा इथे राहू देत," ते म्हणाले. "मी आहे."

"आणि मी?"

"चारला ती येणार म्हणालास ना?"

विराज निघाला. फाटकापर्यंत गेला आणि परत वळला. त्याचे हात नुसतेच लोंबत होते. ते कुठे ठेवायचे हे त्याला कळत नसावं.

"चाचा, ती बघायला येतेय. माझ्याकडे दाखवायला काहीच नाही."

चाचांनी दोरीवरचं चादरीचं टोक सरळ केलं.

"डावा हात आधी सांग तिला."