शालीची पैज

टीव्हीवरच्या एका खूनमालिकेवरून मिरजेच्या वाचनालयात दोन तट पडले होते. लेखन भारी, की भंगार? शेवटी सत्काराला आलेले मालिकेचे लेखक कारखानीस स्वतःच गरजले, "उद्या शेवटचा भाग आहे. आज खुनी ओळखून दाखवा, ही सत्काराची शाल तुमची!"

भंगारवाल्या कुमुदताई विणकाम न थांबवता म्हणाल्या, "घरगडी. दौलत गायधने."

कारखानीसांचा चेहरा उतरला. "कोणी फोडलं?"

"तुम्हीच! वर्षभर तुमच्या मालिकेत चहा आणणाऱ्या एकाही गड्याला नाव नव्हतं. याला पहिल्याच कपाला आडनावासकट मिळालं. आणा ती शाल इकडे, पंखा फार लागतोय."