रथाची भिंतीकडची बाजू

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाचा एक रथ होता, लाखेच्या लाल रंगाचा. देवीच्या जत्रेला हा रथ जाई, तसाच नदीपलीकडच्या गावाचाही जाई. ज्या रथाच्या चकचकीत फळीत देवीचा मुखवटा आरशासारखा दिसेल, त्याच रथात देवी बसणार, असा रिवाज होता. आणि देवी बसे ती दरवर्षी डोंगराखालच्या गावाच्या रथात.

हा रथ सांभाळायचा मान सुताराच्या घराचा. म्हाताऱ्या सुताराला दिसेनासं झालं, तेव्हा ते काम त्याच्या सुनेकडे आलं. सून नवी आणि गाव सगळं वडीलधाऱ्यांचं. मग काय विचारता! ज्याला त्याला सल्ले सुचू लागले.

तांबट म्हणाला, "हंडे कशानं उजळतात? चिंच आणि राखेनं. रथालाही तेच लाव."

तेली म्हणाला, "अगं, रंगालाही तहान लागते. त्याला रोज तेल पाज."

पाटील तर कोरडं गोणपाट घेऊनच आले. "जितकं घासशील, तितकं चमकेल. आमचे आजोबा सांगायचे."

आजोबा ते घोड्याच्या खराऱ्याविषयी सांगायचे, पण पाटलांना कोण बोलणार?

सून बिचारी सगळ्यांचं ऐकत गेली. चिंचेनं रंग विटला, तेलावर धूळ बसली आणि गोणपाटानं ती धूळ रंगात रगडली. रथ दिवसेंदिवस निस्तेज होत चालला. गावाला मात्र तिळभर शंका आली नाही. "कमी पडतंय, आणखी घासा!" सगळे म्हणत. आणि सगळे घासत.

जत्रा उद्यावर आली. सुनेनं फळीत पाहिलं, तर तिला स्वतःचं नाकसुद्धा दिसेना. पिढ्यानपिढ्यांचा मान आता तिच्या हातून जाणार होता. आंधळ्या सासऱ्यांना काय सांगायचं, या विचारानं तिला रडू कोसळलं.

तेवढ्यात रथ आणि त्याला लागून असलेली घराची भिंत यांच्या फटीतून एक कोंबडी ओरडत बाहेर आली. अंडं काढायला सून अंग चोरून आत शिरली. कोंबडीच्या पंखांनी तिथल्या फळीवरची थोडी धूळ उडाली होती. त्या लाल रंगातून एक डोळा तिच्याकडे टकमक बघत होता. तो तिचाच होता! भिंतीमुळे या बाजूला कोणाचा हातच पोचला नव्हता.

तिनं माणसं लावून रथ बाहेर ओढून घेतला. धुळीनं माखलेली बाजू पाहून पाटील गोणपाट घेऊन धावले. सून आडवी उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता.

"पाटीलबाबा, तुम्ही मला वडिलांच्या ठिकाणी. पण या बाजूला मी गोणपाट लागू देणार नाही."

"खुळी का काय तू? मान गेला म्हणजे?"

"गेला तर माझ्या नावानं बोटं मोडा."

तिनं वरून पाण्याची धार सोडली. धूळ आपसूक वाहून गेली. मग जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यानं तिनं पाणी हलकेच टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाचा रथ आधी पुढे आला. तो मैदानात उभा राहणारा, म्हणून चारही बाजूंनी मनोभावे घासलेला. त्यांच्याकडेही चिंच होती, तेल होतं आणि पाटीलही होते. देवीचा मुखवटा समोर आला, पण फळीत काहीच दिसेना.

मग सुनेनं आपला रथ आणला आणि भिंतीकडची बाजू देवळाकडे करून उभा केला. देवीची पालखी शेजारी आली. फळीत देवी उभी राहिली, नथीसकट, मळवटासकट! ढोल कडाडले, गुलाल उधळला. पाटलांनी तर गोणपाटाचाच पटका डोक्याला बांधून फेर धरला.

गर्दीतून म्हातारा सुतार चाचपडत आला. "दिसला का गं मुखडा?"

"दिसला, मामंजी. तुम्ही दिलेल्या रंगातच दिसला." सुनेनं त्याचा हात धरून अलगद फळीवर टेकवला. "नुसता ठेवा हं. घासू नका."

म्हातारा खळखळून हसला.

पुढे बाकीच्या तिन्ही बाजूंना नवी लाख चढली. पण त्या गावात आजही रथावर आधी पाणी सोडतात आणि मगच फडकं हातात घेतात.

तात्पर्य: ज्याच्यावर जीव आहे त्याला जपावं, घासून घासून झिजवू नये.