रोझमेरीची एकच डहाळी

डोंगराच्या कुशीत, इवल्याशा झोपडीत सोनकी आणि तिची आई राहत. आई लाकडाच्या मोळ्या विकायची. पण थंडी पडली आणि आईची छाती भरली. पेजेचे दोन घोटही तिला गिळवेनात.

सोनकी एकटीच सरपण वेचायला रानात गेली. तिथे एका काटेरी जाळीत काहीतरी लुकलुकत होतं. एका चिमुकल्या परीचे निळे-जांभळे पंख काट्यांत अडकले होते. सोनकीने एकेक काटा हळूच बाजूला केला. तिची बोटं रक्ताळली, पण पंखांना ओरखडाही उठला नाही.

"काय हवं तुला, बाळ?" परीने विचारलं.

"माझ्या आईला मोकळा श्वास घेता येऊ दे."

परीने तिच्या तळहातावर एक हिरवी काडी ठेवली. तिला सुईसारखी बारीक पानं होती, आणि वास कसा, थेट कपाळापर्यंत जाणारा.

"ही रोझमेरी. वाळू मिसळलेल्या मातीत, उन्हात लाव. माती सुकल्याशिवाय पाणी घालू नकोस. मूळ फुटलं का म्हणून उपटून पाहू नकोस. सातव्या दिवशी झुडूप होईल. मग दिवसाला एकच डहाळी खुडून आईला तिची वाफ दे. दुसरी खुडलीस, तर सगळं वाळून जाईल."

तिसऱ्या दिवशी काडीची पानं मलूल झाली. आत आईचा खोकला थांबत नव्हता. सोनकीने घाईघाईने तांब्या उचलला, मग मातीत बोट घालून पाहिलं. माती अजून ओली होती. तिने डोळे पुसले आणि तांब्या खाली ठेवला.

सातव्या दिवशी सकाळी तिथे गुडघ्याएवढं झुडूप होतं, निळ्या फुलांनी चमचमणारं. सोनकीने एक डहाळी खुडली. इतक्यात शेजारच्या गिरजाकाकू कुंपण धरत धरत आल्या. त्या सोनकीला कधी आपल्या अंगणात पाऊल ठेवू देत नसत.

"पोरी, श्वास घेववत नाही गं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "या झाडाच्या वासानेच बरं वाटतंय. मलाही एक डहाळी दे."

दुसरी खुडावी, तर झुडूप जाणार. हातातली द्यावी, तर आईचं काय? काकू मान खाली घालून वळल्या.

"थांबा, काकू. डहाळी एकच आहे, पण घोंगडी मोठी आहे. आत या."

सोनकीने चुलीवरून उकळत्या पाण्याचं पातेलं उतरवलं, त्यात डहाळी टाकली, दोघींना समोरासमोर बसवून वरून घोंगडी पांघरली. आतून घरघर ऐकू येत होती. मग आईला मोठी उबळ आली आणि एकाएकी सगळं शांत झालं.

"आई?"

सोनकीने घोंगडीचं टोक उचललं. आई डोळे मिटून संथ, लांब श्वास घेत होती. काकूसुद्धा.

अंगण सोनेरी झालं. झुडपावर परी उभी होती.

"मागितलंस एकीसाठी, पुरवलंस दोघींना," ती म्हणाली. "आता नियम सुटला. हव्या तेवढ्या काड्या लाव, घरोघरी दे."

प्रकाश वाढत वाढत गेला आणि त्यातच परी विरून गेली.

"सोनके," आतून आई म्हणाली, "भूक लागलीय गं."

काकूंनी आपल्या घरून बटाटे आणले. निखाऱ्यांवर भाजून, वर रोझमेरीची पानं चुरून, तिघींनी ते फुंकर घालत घालत खाल्ले.