साळिंदर तात्यांचा आडोसा

त्या मुलखात घरांना कवाडं नव्हती.

मूळ कारण अगदी साधं होतं. बारा महिने ऊन, आणि उन्हात बंद केलेलं बीळ म्हणजे भट्टी. वारा आत यायचा तर तोंड उघडं ठेवणं भाग होतं. पण गरजेपोटी केलेल्या गोष्टीला चार पिढ्या झाल्या की तिला मोठेपणा चिकटतो, तसा तो इथंही चिकटला. मुलखातले प्राणी परक्यांना छाती काढून सांगत की आमच्याकडं कुणाचंच घर बंद नसतं. यावं, सावलीला पडावं, वाटेल तेव्हा उठून जावं. यातूनच पुढं एक रिवाज पडला. येणाऱ्यानं उंबऱ्याशी हाक मारायची नाही आणि घरच्यानं 'ये' म्हणायचं नाही. हाक मारणं म्हणजे घर बंद आहे असं धरून चालणं, आणि 'ये' म्हणणं म्हणजे येऊ देणं न देणं आपल्या हातात आहे असं दाखवणं. दोन्ही गोष्टी हलक्या समजल्या जात.

सगळ्यांत मोठं घर साळिंदर तात्यांचं होतं. टेकडीच्या पोटात खोलवर गेलेलं, पुढं ऐसपैस, आत तीन दालनं. तात्यांची वागणूक रिवाजाला धरून चोख. कुणी आलं तर ते मानही वर करत नसत, कारण मान वर करणं हेसुद्धा एक प्रकारचं विचारणंच झालं. मुलूख त्यांच्या या न पाहण्याचं फार कौतुक करी.

टिटवीला मात्र घरच नव्हतं. माळावर चार खडे गोळा करायचे आणि त्यांच्यात अंडी घालायची, एवढाच तिचा संसार. दिवसभर ती माळावरून हिंडे आणि काही दिसलं की ओरडे. वणवा दिसला की ओरडे, रानकुत्री दिसली की ओरडे. तिच्या ओरडण्यावर मुलखातल्या निम्म्या जिवांचा जीव वाचलेला होता आणि तिच्या आवाजानं डोकं उठतं अशी तक्रारही तेच निम्मे जीव करत. दुपारी ऊन फार झालं की ती पिलांना घेऊन कुणाच्याही घरात शिरे. कुणाचंच घर बंद नसतं या वाक्याचा खरा उपयोग तिला एकटीलाच होता. बाकीचे ते वाक्य आपापल्या घरात बसून म्हणत होते.

एका वर्षी उत्तरेकडून वारं सुटलं. असलं वारं त्या मुलखानं कधी पाहिलं नव्हतं. सकाळी टिटवी ओरडत आली, पण काय आलंय ते तिलाच सांगता येईना, कारण त्या मुलखात त्याला नाव नव्हतं. ती नुसतीच ओरडत राहिली. सगळ्यांनी वणवा कुठं दिसतोय का ते पाहिलं, रानकुत्री कुठं दिसतायत का ते पाहिलं आणि काही दिसत नाही म्हणून तिच्यावरच चिडले.

थोड्या वेळानं डबक्याच्या पाण्यावर साय धरली. ती साय खडकासारखी कडक होती. मग आभाळातून पांढरं भुरभुरायला लागलं. हवा बिघडली की काय करायचं हे मुलखाला पक्कं ठाऊक होतं. अंगणात पाणी शिंपायचं आणि सावलीला गप्प पडून राहायचं. त्याप्रमाणं सगळ्यांनी भरभरून पाणी शिंपलं. अर्ध्या तासात अंगणं काचेची झाली. सशाचं घर उतारावर, तिथं तर ससा, त्याची बायको आणि चार पिलं अशी सगळी एकामागून एक घसरत खाली ओढ्यापर्यंत गेली. हसण्यासारखंच होतं, पण हसायला कुणाचे दात स्वस्थ होते?

त्या सशांना ओढ्यातून बाहेर काढलं टिटवीनं. म्हणजे ती पुढं उडत राहिली आणि पांढऱ्या धुरळ्यात तिच्या आवाजाच्या रोखानं ते चालत आले, थेट तात्यांच्या घरात. मुंगूस काकू आधीच येऊन बसल्या होत्या. टिटवी उंबऱ्यावर क्षणभर टेकली, सगळे आत गेल्याची खात्री करून घेतली आणि माघारी वळली. तिची तीन पिलं माळावरच्या खडकाच्या आडोशाला होती.

"टिटवीताई यायचीय अजून," सशाची बायको म्हणाली.

"येईल की," तात्या म्हणाले. "आपल्याकडं कुठं बंद असतं?"

पण वारं सरळ आत घुसत होतं. सशाची पिलं निळी पडायला लागली. मुंगूस काकू हुशार बाई, हाताला चलाख. त्यांनी आतलं गवत घेऊन एक जाड ताटी विणली. तात्यांनी अंगावरचे सुटे झालेले काटे काढून दिले, ते खुंट्यांसारखे ठोकून ताटी घराच्या तोंडाशी बसवली. फटींत चिखल लिंपला. खाली दोन बोटांची फट राहिली, कारण तिथं पोचेपर्यंत चिखल गोठला होता.

ते काम झालं. जे समोर उभं होतं त्याला काय म्हणावं हे कुणालाच सुचेना. म्हणजे सुचत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं.

"आडोसा आहे हा," काकू म्हणाल्या. "वाऱ्यापुरता."

"हो, आडोसाच," तात्या म्हणाले, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

आडोसा झाल्यावर ऊब धरली. सशाची पिलं गुलाबी झाली. एकमेकांना चिकटून बसल्यावर प्रत्येकाला वाटलं की चला, आपण निभावलं. साधारण दुपार कलताना तात्यांचं लक्ष खालच्या फटीकडं गेलं. तिथं दोन पिवळे पाय दिसत होते.

ते पाय एकाआड एक उचलले जात होते. त्यांच्याभोवती आणखी सहा लहान पाय होते. काड्यांसारखे, आणि तेही उचलले जात होते.

तात्यांना कळलं. ते पाय कुणाचे आहेत हे न कळायला ते काही परके नव्हते. पुढं त्यांच्या मनात जे जे झालं ते सगळं सांगायला हवं, कारण नंतर ते स्वतः कधी सांगू शकले नाहीत. आधी त्यांना वाटलं, उठावं. मग वाटलं, आडोसा काढला तर ऊब जाईल, सशाची पोरं आत्ताशी कुठं सावरली आहेत. मग वाटलं, चिखल गोठलाय, एकदा काढला तर पुन्हा बसणार नाही. मग वाटलं, तिनं हाक मारली तर आपण नक्की उठू. आणि हा विचार त्यांना फार सोयीचा वाटला. आता सगळं तिच्यावर होतं.

तिनं हाक मारली नाही.

सशाची बायकोही त्या फटीकडं पाहत होती. तात्यांनी तिच्याकडं पाहिलं तशी तिनं नजर आपल्या पिलांकडं वळवली. ससा झोपल्यासारखा पडला होता, पण त्याचे कान ताठ होते.

"बाहेर कुणी आहे का?" सशाची बायको अखेर हळूच म्हणाली.

"छे," मुंगूस काकू म्हणाल्या. त्यांचं तोंड भिंतीकडं होतं. "टिटवी असती तर ओरडली नसती का? एवढ्यातेवढ्याला गाव डोक्यावर घेणारी बाई ती."

म्हणणं बिनतोड होतं. ज्या टिटवीचा आवाज तीन टेकड्या ओलांडून जातो, ती हातभर अंतरावर गप्प कशी बसेल? तेव्हा ती नव्हतीच. सगळ्यांनी तसं ठरवलं, आणि ठरवल्यावर जरा आणखी जवळ सरकले.

थोड्या वेळानं खालून येणारं वारं एकदम थांबलं.

"पडलं बघा वारं," काकू म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं?"

घर खरोखरच उबदार झालं. इतकं, की थोड्याच वेळात एकेकाचे डोळे मिटायला लागले. वर टेकडीवर वारं तसंच घोंगावत होतं, ते तात्यांना ऐकू येत होतं. त्यांनी फटीकडं पाहिलं. पाय दिसत नव्हते. फट या टोकापासून त्या टोकापर्यंत करड्या पिसांनी भरून गेली होती. तिकडून ती आडोशाला अंग लावून, पंख पसरून बसली होती.

तात्यांनी कूस बदलली. त्या उबेत त्यांना झोप लागली, आणि पुढच्या सगळ्या आयुष्यात त्यांना याच गोष्टीची सर्वांत जास्त लाज वाटली. पाय पाहूनही उठलो नाही याची नाही, इतकी शांत झोप लागली याची.

सकाळी लख्ख ऊन पडलं. जणू काही झालंच नव्हतं. काकूंनी काटे उपसले आणि ताटी बाजूला केली. टिटवी तिथंच होती. जिवंत होती. तिनं हलायला वेळ घेतला; मग पंख उचलले तर खालून दोन पिलं बाहेर आली. तिसरं आलं नाही. टिटवीनं चोचीनं त्याला दोनदा हलवून पाहिलं, मग त्याच्यावर पुन्हा पंख ठेवला.

घरातले सगळे उंबऱ्याच्या आत उभे होते. पुढं कुणीच होईना. शेवटी मुंगूस काकू बोलल्या, आणि बोलताना त्यांचा आवाज चढला, कारण मनातून खजील झालेल्या माणसाचा आवाज चढतोच.

"अगं, पण एक हाक मारायची होतीस. आम्हाला काय स्वप्न पडतंय?"

टिटवीनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सगळ्यांना फार बरं वाटलं असतं.

"दाराशी हाक मारायची नसते ना, काकू," ती म्हणाली. "तात्यांना वाईट वाटलं असतं."

काकूंनी मान खाली घातली. सशाची बायको आत पळाली आणि तिथं तोंड दाबून रडली. तात्या मात्र उभेच राहिले. त्यांना वाटत होतं की काहीतरी म्हणावं, पण म्हणायला तोंड उघडलं की मोठेपणाचेच शब्द बाहेर येतील अशी त्यांना भीती वाटली. टिटवीनं दोन्ही पिलांना पुढं घातलं आणि माळाकडं निघाली. तिचा एक पाय काम देत नव्हता.

त्या दिवशी मुलखातले सगळे आडोसे निघाले. सगळ्यांच्या घरांना एकेक होताच, हे तेव्हा एकमेकांना कळलं. कुणी कुणाला विचारलं नाही. ताट्या गुपचूप जाळल्या आणि थोड्याच दिवसांत मुलूख परक्यांना पुन्हा पूर्वीसारखा सांगू लागला. फक्त आता सांगताना एकमेकांकडं पाहत नसत.

तात्यांना ताटी जाळून चैन पडेना. त्यांनी उंबरा उखडला. मग घराच्या तोंडाच्या दोन्ही बाजू उकरायला घेतल्या. रोज थोडं थोडं उकरत. आधी दोघं शेजारी शेजारी जातील एवढं झालं, मग चौघं, मग टेकडीची ती अख्खी बाजूच ढासळली आणि आतली तिन्ही दालनं माळावरून दिसायला लागली. घराला तोंड असं राहिलंच नाही. "तात्या, आता बास की," ससा म्हणे. तात्या उकरत राहत.

पुढं ऊन तापलं. एका दुपारी माळ नुसता भाजत होता. ससे आले, काकू आल्या, रिवाजाप्रमाणं न बोलता सावलीला पडले. टिटवीही आली. सावली जिथं सुरू होत होती त्याच्या चार पावलं अलीकडं, भर उन्हात, ती दोन्ही पिलांवर पंख पसरून बसली. समोर भिंत नव्हती, उंबरा नव्हता, आडोसा नव्हता. तात्या वाट पाहत राहिले. ती येईना.

मग त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. मान वर केली, तिच्याकडं सरळ पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ये गं. आत ये."

टिटवीनं मागं वळून पाहिलं, तात्या कुणाला बोलावतायत म्हणून.