टिकली मुंगी आणि चाकाखालचा खडा

ही गोष्ट खरी आहे बरं का. अगदी खरी. मी तिथंच उभा होतो, अंगणात. म्हणजे उभा नव्हतो, बसलो होतो. म्हणजे अंगणात नव्हतो, माझ्या घरी होतो. पण खिडकीतून सगळं दिसत होतं. खिडकी बंद होती, ते सोडा. गोष्ट खरी आहे.

एक होती मुंगी. कपाळावरच्या टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली.

टिकलीला मिळाला एक खडा. खडीसाखरेचा. पांढरा पांढरा, चकचकीत. तिच्या डोक्याहून मोठा.

खडा आला कुठून? यमूआत्याच्या डब्यातून.

त्याचं असं झालं. यमूआत्या चढली स्टुलावर. साखरेचा डबा ठेवायचा होता वरच्या फळीवर. का? तर साखरेला मुंग्या लागतात. स्टूल डुगडुगलं. डबा पडला, ढण्ण! आत्या पडली, धप्प! साखर सांडली घरभर. आणि आत्याचा पाय सुजला, भोपळ्याएवढा.

मग गाडी आली. वीं-वीं, वीं-वीं. पांढरी अँब्युलन्स. तिच्यातून उतरली रेहानाताई. ती आजारी माणसांची काळजी घेते. उतरला सोपानदादा. तो गाडी चालवतो. दोघांनी काढलं स्ट्रेचर. स्ट्रेचर म्हणजे चाकांची खाट. गुडगुड, गुडगुड, खाट अंगणात आली.

इकडे टिकली खडा ओढत घरी चालली होती. दारातून बिळाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. तेवढ्यात आलं चाक. टिकली पळाली बाजूला. खडा गेला चाकाखाली. मऊ मातीत रुतून बसला.

टक्. ब्रेक लागला.

ताईने आणि दादाने आत्याला अलगद उचललं आणि खाटेवर बसवलं. आता खाट हलेना.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली चाकापाशी.

"चाकदादा, चाकदादा, जरा सरका.
माझा खडा मिळेना."

चाक म्हणालं, "कसा सरकू, टिकलीबाई? अंगण उताराचं. खाली गोठा. गोठ्यात म्हैस. ब्रेक सुटल्याशिवाय मी सरकत नाही."

"जरासंच."

"नाही म्हणजे नाही."

टिकली वैतागली. तिने कपाळावर एक पाय मारला. फट्.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली ब्रेकपाशी.

"ब्रेकभाऊ, ब्रेकभाऊ, जरा सुटा.
चाक सरकेना,
माझा खडा मिळेना."

ब्रेक म्हणाला, "असा कसा सुटू? मी सुटलो, की आत्या सुटली. गेली गडगडत, बसली म्हशीवर. एकाने धरायचं डोक्याशी, एकाने धरायचं पायाशी. ताई-दादांनी धरल्याशिवाय मी सुटत नाही."

"जरासंच."

"नाही म्हणजे नाही."

टिकली वैतागली. तिने कपाळावर दोन पाय मारले. फट् फट्.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली चढली ताईच्या बुटावर. बुटावरून बाहीवर. बाहीवरून खांद्यावर. खांद्यावरून थेट कानापाशी.

"रेहानाताई, सोपानदादा, जरा धरा.
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझा खडा मिळेना."

ताई म्हणाली, "धरायला तर आम्ही इथंच उभे आहोत. आत्याला सोडून आम्ही कुठं जातो का? पण खाट चालताना आत्या इकडे कलली, तिकडे कलली, तर? आजूबाजूचे कठडे उठल्याशिवाय आम्ही धरत नाही."

"जरासंच."

"नाही म्हणजे नाही," सोपानदादा म्हणाला. मोठ्या जोरात म्हणाला. तोही वैतागला होता.

टिकलीने कपाळावर तीन पाय मारले. फट् फट् फट्.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली कठड्यांपाशी. एक कठडा अलीकडे, एक कठडा पलीकडे. दोघंही खाली लोंबत होते.

"कठडेकाका, कठडेकाका, जरा उठा.
ताई-दादा धरेनात,
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझा खडा मिळेना."

कठडे म्हणाले, "आमची घाई करू नकोस. आधी पट्टे, मग आम्ही. अंगात आधी सदरा, मग बटणं. तसंच हे. पट्टे लागल्याशिवाय आम्ही उठत नाही."

"जरासंच."

"नाही म्हणजे नाही."

टिकली वैतागली. तिने कपाळावर चार पाय मारले. फट् फट् फट् फट्.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली पट्ट्यांपाशी. पट्टे होते तीन. एक छातीचा, एक कमरेचा, एक पायांचा.

"पट्टेमामा, पट्टेमामा, जरा लागा.
कठडे उठेनात,
ताई-दादा धरेनात,
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझा खडा मिळेना."

पट्टे म्हणाले, "लागू कुणाला? आत्या बघ कशी बसलीय. ताठ. खांबासारखी. आत्या आडवी झाल्याशिवाय आम्ही लागत नाही."

"जरासंच."

"नाही म्हणजे नाही."

टिकली वैतागली. तिने कपाळावर पाच पाय मारले. एका पायावर उभी राहिली. डुगडुग, डुगडुग.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली यमूआत्यापाशी. आत्या खरंच खांबासारखी बसली होती. रेहानाताईने गोड सांगून पाहिलं होतं. सोपानदादाने हात जोडून पाहिले होते. आत्याची मान हलत होती, पण आडवीच हलत होती.

"यमूआत्या, यमूआत्या, जरा आडवी हो.
पट्टे लागेनात,
कठडे उठेनात,
ताई-दादा धरेनात,
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझा खडा मिळेना."

आत्या म्हणाली, "मी घराबाहेर निघाले, की हातावर दहीसाखर लागते. शाळेत निघाले, आईने दिली. सासरी निघाले, आईने दिली. आता दवाखान्यात तशीच जाऊ?"

आत्याला भीती वाटत होती. भोपळ्याएवढा पाय, आणि वाटाण्याएवढा धीर.

"हातावर दहीसाखर पडल्याशिवाय मी आडवी होत नाही."

"जरासंच."

"नाही म्हणजे नाही."

टिकलीने कपाळावर सहाही पाय मारले. मुंगीला पायच सहा. उभं राहायला एकही उरला नाही. टिकली पडली, टप्प.

उठली. अंग झटकलं. तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली मालनवहिनीपाशी. मालनवहिनी म्हणजे आत्याच्या भावाची बायको. ती दारात उभी होती. हातात वाटी. वाटीत दही.

"मालनवहिनी, मालनवहिनी, जरा दहीसाखर दे.
आत्या आडवी होईना,
पट्टे लागेनात,
कठडे उठेनात,
ताई-दादा धरेनात,
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझा खडा मिळेना."

वहिनी म्हणाली, "दही आहे गं, साखर कुठाय? डब्याने साखर दिल्याशिवाय मी दहीसाखर देत नाही. नुसतं दही दिलं, तर वन्सं दवाखान्यातून आल्या तरी बोलतील."

टिकलीने कपाळावर पाय मारला नाही. कपाळ दुखत होतं.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली डब्यापाशी. डबा कोपऱ्यात आडवा पडला होता. झाकण उघडं. पोटाला पोचा.

"डबेराव, डबेराव, जरा साखर द्या.
वहिनी दहीसाखर देईना,
आत्या आडवी होईना,
पट्टे लागेनात,
कठडे उठेनात,
ताई-दादा धरेनात,
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझा खडा मिळेना."

डबा म्हणाला, "माझ्या पोटात ठणठण. साखरेचा एक खडा दिसतोय मला. अंगणात. चाकाखाली."

"तो माझा," टिकली म्हणाली. "तो मिळायला चाक सरकायला हवं. चाक सरकायला साखर हवी. आणि साखर चाकाखाली."

टिकली मटकन खाली बसली. आता कुणाकडे जायचं? आता कुणी उरलंच नाही.

डबा हळूच म्हणाला, "टिकलीबाई, घरभर साखर सांडली होती. ती गेली कुठं?"

टिकलीने वर पाहिलं. मग खाली पाहिलं. मग मिशा पुसल्या.

"बघते," टिकली म्हणाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली बिळात. बिळात साखरेचा डोंगर. डोंगरावर टिकलीची आई.

"आई, आई, जरा साखर दे.
डबा भरेना,
वहिनी दहीसाखर देईना,
आत्या आडवी होईना,
पट्टे लागेनात,
कठडे उठेनात,
ताई-दादा धरेनात,
ब्रेक सुटेना,
चाक सरकेना,
माझा खडा मिळेना."

आई म्हणाली, "आणलेली साखर परत? मुंग्यांच्या घरात असं होत नाही. नाही म्हणजे नाही."

टिकलीने मोठा श्वास घेतला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"डबा भरेना,
वहिनी दहीसाखर देईना,
आत्या आडवी होईना..."

आईने कानांवर पाय ठेवले. "बास बाई, बास. घेऊन जा साखर. पण ते बंद कर."

मग काय! निघाली मुंग्यांची रांग. प्रत्येकीच्या डोक्यावर एक दाणा. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

टिंग टिंग टिंग. दाणे पडले डब्यात.

डब्याने साखर दिली वहिनीला.

वहिनीने दह्यात साखर कालवली. आत्याच्या हातावर ठेवली. "वन्सं, लवकर या."

आत्याने हात चाटला. मिटक्या मारल्या. "येते गं," म्हणाली. आणि आडवी झाली. मग गप्प पडून राहिली. अगदी गप्प.

आत्या आडवी झाली, पट्टे लागले. छातीचा, खट्. कमरेचा, खट्. पायांचा, जरा जपून, खट्.

पट्टे लागले, कठडे उठले. इकडून खटाक्. तिकडून खटाक्.

कठडे उठले, ताई-दादांनी धरलं. एकाने डोक्याशी, एकाने पायाशी. "धरलंस?" "धरलं."

ताई-दादांनी धरलं, ब्रेक सुटला. टक्.

ब्रेक सुटला, चाक सरकलं. गुडगुड, गुडगुड. हळू. अगदी हळू. म्हैस बघत राहिली.

चाक सरकलं आणि टिकलीला खडा...

मिळाला नाही!

खडा चाकाला चिकटला होता. चाक फिरलं, खडा वर गेला. चाक फिरलं, खडा खाली आला. वर. खाली. वर. खाली. टिकली मागे पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु.

"चाकदादा, चाकदादा, जरा थांबा."

"मघाशी म्हणालीस सरका," चाक म्हणालं. "आता म्हणतेस थांबा. तुझं तरी काय ते ठरव बाई."

खाट गाडीपाशी आली. गाडीचं दार उघडं होतं. ताईने बघितलं, दादाने बघितलं. "एक, दोन, तीन." खाट गाडीत शिरली. खाटेचे पाय दुमडले. चाक पोटाशी गेलं, आणि खडा सुटला.

टप्प.

थेट टिकलीच्या पुढ्यात.

आत गाडीने खाट पकडली. खट्. आता खाट इकडे नाही, तिकडे नाही. दार बंद. वीं-वीं, वीं-वीं. आत्या निघाली.

टिकलीने खड्याकडे पाहिलं. अख्खी रांगभर साखर दिली, आणि मिळाला हा एक. खड्याला माती लागलेली. एक कोपरा उडालेला. टिकलीने कपाळावर मारायला पाय उचलला. मग तोच पाय खड्यावर ठेवला. चाटून पाहिला.

गोड होता.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली खडा घेऊन घरी गेली.

काही दिवसांनी आत्याही घरी आली. पायाला पांढरं प्लॅस्टर. खडीसाखरेसारखं पांढरं. मालनवहिनीने नवी साखर डब्यात भरली. डबा घेतला आणि स्टूल ओढलं. आत्या म्हणाली, "नको गं वहिनी, खालीच ठेव. मुंग्या खाऊन खाऊन किती खातील? एक चमचा. पाय तर मोडणार नाही."

आणि आत्याने स्वतःच्या हाताने बिळाच्या तोंडाशी चमचाभर साखर ठेवली. टिकलीचा वाटा टिकलीला.

खडा गेला बिळात, आत्या आली घरात, आणि तुम्ही जा पांघरुणात.

काय म्हणता? ही गोष्ट खोटी?

बरं, सांगतो. मुंगी बोलली, ते खरं. चाक बोललं, ब्रेक बोलला, डबा बोलला, तेही खरं. एकच गोष्ट मी मनाने घातली. आडवी झाल्यावर यमूआत्या गप्प पडून राहिली, असं मी सांगितलं ना? ती थाप. आत्या दवाखान्यापर्यंत सबंध रस्ता बोलत होती.

सोपानदादाला विचारा. त्याचंही कपाळ अजून दुखतंय.