हिरव्याची हद्दपारी

एका राज्यात एक राजा होता, आणि त्या राजाचं एका रंगाशी वैर होतं. असं कसं, म्हणून मधेच विचारू नका. सांगतो आहे ना!

राजाचं नाव धवलसेन. त्याची राणी कमलजा एका दुपारी तांब्याच्या पातेल्यातलं ताक प्याली. ताक कळकलं होतं. पातेल्याला आतून हिरवा थर चढला होता. दुपारी राणी ताक प्याली आणि तिसऱ्या प्रहरी गेली. राजानं ते पातेलं पाहिलं, तो थर पाहिला, आणि मांत्रिक शंखपादाला बोलावणं धाडलं.

"हा हिरवा माझ्या राज्यात नको," राजा म्हणाला.

"कुठला हिरवा, महाराज?"

"हिरवा म्हणजे हिरवा. सगळा."

"शब्द एकच आहे. उपटला तर पाळंमुळं सगळी निघतील."

"निघू देत."

मांत्रिकानं खांद्यावरचं उपरणं झटकलं, त्याच्या पदराला तीन गाठी मारल्या आणि तो सीमेपलीकडच्या डोंगरावर निघून गेला. जाताना त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोक उठले तर झाडं राखेच्या रंगाची. बायका एकमेकींना विचारू लागल्या, "अगं, या पानांचं काय झालं? ती किती छान—" आणि पुढचा शब्द तोंडात येईना. नुसती हवा बाहेर पडायची. आंब्याला मोहोर यायचा आणि मोहोरातून थेट पिवळं, नासकं फळ गळायचं. मधली कैरीच नाही, तर लोणचं कशाचं घालणार? मिरच्या लाल निघायच्या, पण तिखटाचं नाव नाही. गाई सुक्या कडब्याकडे पाहत उभ्या राहायच्या. म्हाताऱ्यांच्या हातांवरचं गोंदण पुसलं गेलं. गोंदण तेवढं मेल्यावर बरोबर येतं, असं मानणाऱ्या त्या बायका. त्या उघडे हात पदराखाली लपवून रडल्या. गावातले दोन-चार हिरवट म्हातारे मात्र एका दिवसात सज्जन झाले, एवढीच काय ती राज्याची कमाई! सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते उगीच नाही.

आता तानूबाई कासारणीचं ऐका. राजवाड्यापासून कुंभारआळीपर्यंत सगळ्यांच्या हातांत बांगड्या भरायच्या त्या तिनंच. तिची एकुलती एक लेक येसू पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. सातव्या महिन्यात चुडा भरायचा, तर तानूबाईच्या पेटीतल्या बांगड्या पाण्यासारख्या बिनरंगी झालेल्या. आईनं त्याच भरल्या. नववा महिना सरला, दहावा सरला, पोर काही येईना. अकराव्यात सुईणीनं पोटाला हात लावला आणि ती उठून पदरानं हात पुसू लागली.

"बोल की गं बाई," तानूबाई म्हणाली.

"जे कोवळं आहे त्याला या राज्यात यायला वाटच उरली नाही, तानूबाई. पोराची हालचाल मंदावलीय. तीन दिवस कसंबसं टिकेल."

तानूबाईनं पदर खोचला आणि ती तडक राजवाड्यात गेली. दरबारात तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही, कारण अडवणाऱ्यांच्या बायकांची मनगटं तिच्या हाताखालून गेलेली होती.

"महाराज, तो रंग परत आणा."

"त्यानं माझी राणी खाल्ली. नाही आणणार."

तानूबाई सिंहासनाच्या पायरीपर्यंत पुढे गेली. मग म्हणाली, "राणीसरकारांचा डावा हात बारा वर्षं माझ्या हातात असायचा. मला एवढंच सांगा, त्यांच्या मनगटावर काय गोंदलं होतं?"

राजानं सांगायला तोंड उघडलं. आठवेना. त्यानं डोळे मिटले, तरी आठवेना. मनगट दिसायचं ते कोरं दिसायचं. मग हात धूसर झाला, मग चेहरा. राजा सिंहासनाचा दांडा धरून उठला.

"मांत्रिकाकडची वाट कोणाला ठाऊक आहे?" त्यानं विचारलं.

"मला," खिडकीतून आवाज आला. तिथं एक राखाडी पक्षी बसला होता. "मी राघू आहे. राघू! पारवा म्हणाल तर चावेन. लोकांनी आधीच जीव नकोसा केलाय."

तर पुढे राघू, मागे राजा, आणि त्याच्यामागे बांगड्यांची पेटी डोक्यावर घेतलेली तानूबाई, असे ते निघाले. पेटी कशाला, म्हणाल, तर कासारीण पेटीवाचून उंबरा ओलांडत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते डोंगरमाथ्यावर पोचले. शंखपाद शिळेवर बसला होता, मांडीवर उपरणं.

"तीन गाठी आहेत," तो म्हणाला. "बांधायला लावणाऱ्यानंच सोडायच्या. जे निघेल ते कोणाचं, हे मी विचारीन. 'माझं' म्हणायचं आणि पदरात घ्यायचं. एक जरी नाकारलं तरी तिन्ही पुन्हा बांधल्या जातील."

राजानं पहिली गाठ सोडली. आतून कैरी निघाली, टणक आणि हिरवीगार.

"हे कोणाचं?"

"माझं." राजानं ती मीठ न लावता सालीसकट खाल्ली. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. तिकडे खाली राज्यात आंब्यांना कैऱ्या धरल्या.

दुसऱ्या गाठीतून गोंदण निघालं. हवेत तरंगणारा एक हिरवा विंचू, नांगीशी जरा वाकडा. गोंदताना लहानग्या कमलजेनं हात ओढून घेतला होता म्हणून ती नांगी वाकडी. हे ती हसत हसत सांगायची. राजाला तिचं हसू आठवलं, चेहरा आठवला, आणि त्याबरोबर तो तिसरा प्रहरही आठवला, अगदी कालच्यासारखा. तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"हे कोणाचं?"

"माझं. माझंच आहे हे."

तिसऱ्या गाठीतून ते पातेलं निघालं, आतल्या थरासकट.

"हे कोणाचं?"

"हे त्या विषाचं!" राजा ओरडला. "हे मी घेणार नाही."

उपरण्याला पीळ पडू लागला. पहिली गाठ वळू लागली, विंचू फिकट झाला. राघूनं पंख मिटून घेतले. तानूबाईनं पेटी खाली ठेवली.

"महाराज, आज माझ्या लेकीचा तिसरा दिवस आहे, म्हणून बोलते. हे मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं, पण भ्याले. पातेल्याला कल्हई नव्हती. तुमच्या वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात कल्हईवाला भाता घेऊन दारात बसला होता. मी बांगड्या भरून निघाले होते, मी पाहिलं त्याला काम न करताच परत जाताना. तांब्याचं भांडं कल्हईवाचून ठेवलं की ते कळकणार, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. उलट रंगानंच तर ते दाखवून दिलं होतं."

राजा पातेल्यात वाकून पाहू लागला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "वाढदिवसासाठी भिंतींना नवा चुना दिला होता. भट्टीच्या धुरानं त्या काळ्या होतील म्हणून मीच त्याला हाकललं. पुढच्या महिन्यात ये म्हणालो."

"मग हे कोणाचं?" मांत्रिकानं पुन्हा विचारलं.

"माझं. राणी माझ्यामुळे गेली."

शंखपादानं चिंच आणि राख पुढे केली. राजानं बाह्या सारल्या आणि पातेलं घासायला घेतलं. जन्मात भांडं घासलं नव्हतं त्यानं. बोटं सोलली, नखांत हिरवं शिरलं, पण तांबं लखलखेपर्यंत तो उठला नाही. तो उठला तेव्हा राघू अंगभर हिरवा झाला होता आणि स्वतःभोवती गिरक्या घेत ओरडत होता, "हिरवा! हिरवा! हिरवा!" एवढ्या महिन्यांत कोणी तो शब्द ऐकला नव्हता.

डोंगर उतरताना दोन्ही बाजूंचं रान हिरवं होत चाललं होतं. कुठं पोपटी, कुठं शेवाळी, कुठं काळपट. तानूबाईला त्यातलं काही दिसत नव्हतं. ती पळत होती. वेशीशी आली तेव्हा सुईण समोरून धावत आली आणि नुसती हसली. तानूबाई पेटीसकट रस्त्यातच खाली बसली.

मुलगी झाली होती. लालबुंद, सुरकुतलेली, आणि आवाज असा की आळी दणाणून गेली. तानूबाईनं लेकीच्या हातांतल्या, बिनरंगी असताना भरलेल्या बांगड्या उतरवल्या, तिचा हात दाबून मऊ केला आणि पेटीतला नवा हिरवा चुडा भरला. रिवाजाप्रमाणे एका हातात एक बांगडी जास्त भरली. येसूनं वाकून आईला नमस्कार केला, कारण बांगड्या भरणारी आई असली तरी त्या घटकेला ती कासारीण असते.

राजा दारात अवघडून उभा होता. राजवाड्यात जायचं सोडून तो इथं का आला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"महाराज, घ्या की पोरीला," तानूबाई म्हणाली.

राजा दोन पावलं पुढे आला. हात पुढे करणार, तोच त्याची नजर आपल्या बोटांवर गेली. नखांच्या कडांत पातेल्यातलं हिरवं अजून होतं.

"थांबा," तो म्हणाला, "आधी हात धुऊन येतो."

तो परसात रांजणापाशी गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. मग ओले हात धोतराला पुसून तो आत आला आणि त्यानं पोरीला घेतलं.

पुढे त्या राज्यात जे कच्चं होतं ते आपल्या वेळेनं पिकलं आणि जे कळकलं ते वेळेवर घासलं गेलं. ऐकणाऱ्यांचंही तसंच होवो. आता उठा, सांगणाऱ्याला पाणी द्या.