अक्काची खाच

गाव नदीकाठचं, ऊस आणि तंबाखूचं. पण पंचक्रोशीत त्याचं नाव झालं ते नेमबाजीच्या हॉलमुळे. तंबाखूच्या जुन्या वखारीत एका निवृत्त सुभेदारांनी तो काढला होता. शिरगुप्प्यांच्या दोन्ही मुली तिथंच छर्‍याच्या पिस्तुलानं नेम मारायला शिकल्या. थोरली शर्वरी, धाकटी केतकी. धाकटी थोरलीला अक्का म्हणायची आणि दिवसभर तिच्या मागं मागं करायची.

सुभेदारांच्या हॉलचा एक रिवाज होता. पिस्तुलाच्या टोकाला असते ती माशी आणि डोळ्याच्या बाजूला असते ती खाच. खाचेतून माशी बघायची आणि नेम धरायचा. ही खाच वरखाली, डावीउजवीकडे सरकवायला दोन बारीक स्क्रू असतात. जो तो ते आपल्या डोळ्याला आणि आपल्या पकडीला जुळवून घेतो. म्हणून पिस्तूल दुसऱ्याला देताना देणाऱ्यानं आपल्या हातानं खाच मध्यावर आणून ठेवायची. याला तिथं झिरो करणं म्हणत. झिरो केलं म्हणजे पिस्तूल दिलं. तसंच ठेवून गेला, तर माणूस परत येणार असं समजायचं.

शर्वरीचं लग्न झालं. नवरा पार आसामात, चहाच्या मळ्यावर नोकरीला. निघताना तिनं पिस्तूल धाकटीच्या हातात दिलं, पण झिरो काही केलं नाही. आता लग्नघरातली ती धांदल, पाहुणे, बॅगा, रडारड, त्यात कुणाला स्क्रू आठवतोय. आईच्या तर लक्षातही आलं नाही. केतकीनं मात्र ते बरोबर हेरलं आणि मनाशी घट्ट धरून ठेवलं. अक्का परत येणार. ती येईपर्यंत खाचेला हात लावायचा नाही.

झालं. तिथंच सगळं अडलं.

केतकीचा हात चांगला होता. पाच छर्रे मारले की पाचही एकमेकांना खेटून बसायचे, चिंचोक्याएवढ्या जागेत. पण बसायचे कुठं, तर खाली डावीकडे. निशाणाच्या कागदावर मधोमध असलेल्या दहाच्या आकड्याची आणि त्यांची गाठच पडायची नाही. सुभेदार सांगून सांगून थकले. म्हणायचे, एखादाच छर्रा भरकटला तर चूक आपली, श्वास बघ, चापावरचं बोट बघ. पण सगळे एका जागी बसत असतील तर हात ठीक आहे, खाच हलव. थोडी वर, थोडी उजवीकडे. चहा निवायच्या आत होणारं काम. केतकी मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग केतकीबाईंनी एक शहाणपणा केला. नेमच धरायचा वर आणि उजवीकडे, म्हणजे छर्रा आपोआप मध्यावर. काही दिवस ते चाललंही. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंच. खाचेतून बघताना वाटायचं, अक्काही इथूनच बघत होती, अक्का इथंच आहे. घरात तिची खाट रिकामी, ताटाशेजारचं ताट नाही, वेणी घालायला कुणी नाही. पण त्या एवढ्याशा खाचेत अक्का होती. हसू येईल कुणाला. ज्याचं माणूस लांब गेलंय तो हसायचा नाही.

अशातच राज्याच्या संघाची निवड आली. त्या संघातून खेळायचं, एवढी एकच गोष्ट केतकीनं लहानपणापासून मागितली होती. पहिल्या फेरीत सुरुवात छान झाली. पुढं पुढं हात भरून आला, डोळा दमला, आणि दमलेल्या डोळ्याला असली सोंगं जमत नाहीत. तो आपला सरळ जाऊन जिथं बघायचं तिथंच बघायला लागला. छर्रे गेले खाली डावीकडे, एकामागून एक. आता दुसरी फेरी तेवढी उरली होती. ती गेली की संघ गेला.

सुभेदार रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. परत आल्यावर हॉलमध्ये बसवून एवढंच म्हणाले, "पोरी, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तू दुसऱ्याच्या डोळ्यानं बघतेस."

केतकीनं तिथूनच अक्काला फोन लावला. मळ्यावर रेंज कधी असते, कधी नसते. त्या दिवशी लागला. तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, झिरो न केल्याचं, वाट बघितल्याचं, फेरीत काय झालं त्याचं. मनातून तिची खात्री होती, अक्का म्हणणार, थांब, मी येतेच आहे.

अक्का म्हणाली, "मी झिरो करायला विसरले नव्हते, केतके. मुद्दाम तसंच ठेवलं. मला परत यायचं होतं."

मग ये ना, असं केतकी म्हणाली, अगदी लहान मुलीसारखी. अक्कानं तिला समजावलं. दिवाळीला येईन, चार दिवस राहीन, तुझी वेणी घालीन. पण पाहुणी म्हणून येईन गं. तिथं संसार झाला, मळ्यावरच्या पोरांची शाळा हातात घेतली, तीही आता सोडवत नाही. अजून कधी कधी स्वयंपाक करताना हात आपोआप नेमासारखा वर येतो आणि मग आमटीत मीठ घालायचं राहून जातं, हेही तिनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज ओला झाला.

"तुला पिस्तूल दिलं आणि खाच माझ्यापाशी ठेवली," ती म्हणाली. "ही काय देण्याची रीत झाली? फिरव आता. मी फोनवर आहे."

केतकीनं फोन टेबलावर ठेवला. स्क्रू फिरवताना टक् टक् असा बारीक आवाज होतो. प्रत्येक टक् अक्कालाही तिकडं ऐकू जात होता. मग तिनं डोळे पुसले, श्वास सोडला आणि पाच छर्रे मारले. सुभेदारांनी कागद उजेडात धरला. पाचही मध्यावर.

"लागलं का गं?" तिकडून अक्कानं विचारलं.

"लागलं," केतकी म्हणाली. "पण खाचेत आता तू नाहीस."

दोघी बहिणी फोन न ठेवता मनसोक्त रडल्या आणि सुभेदार उगाच बाहेर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या फेरीनंतर केतकी संघात आली. त्यानंतर तिला अक्काची आठवण कमी यायला लागली असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं. उलट जास्तच यायला लागली. पण नेम धरताना ती आठवण बाजूला उभी राहायची, मध्ये येत नव्हती.

तात्पर्य: लांब गेलेल्या माणसासाठी जीव तुटू द्यावा, पण बघावं आपल्याच डोळ्यानं; आणि ज्याला काही द्यायचं असेल, त्यानं आधी त्यातली आपली आस काढून घ्यावी.